गाठीवर ठेवायचा हात

१४ जाने. १९६२, दिग्रस

संक्रांत. कर्णा तयार झाला एकदाचा. जुन्या पत्र्याचे दोन मोठे भोंगे, मधात रबरी नळी, नळीचं टोक कानात. शत्रूचं विमान लांब असतानाच ऐकू यावं असा हिशेब. घराच्या धाब्यावर मांडला. रामसिंग तांड्यातून बाजाराले आलता. त्याले म्हटलं, तू पलटणीत होता, तूच ऐक. बसला बिचारा नळी लावून. बऱ्याच वेळानं म्हणे, "येऊन राह्यलं."

"कोणत्या बाजूनं?"

"पुसदकडून. एस.टी. हाय."

खरंच पुसदची गाडी आली. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. खाली येऊन आपल्या खोक्यावर बसला, तिळगूळ खाल्ला (कमलनं कळंबहून धाडला, दगडासारखा कडक, पोरगी आईवर गेली नाही स्वयंपाकात). जाता जाता म्हणे, "मिस्त्री, चीज कामाची हाय. स्टँडवर लाव."

लिहून ठेवतो. कर्णा फेल नाही. विमानच आलं नाही त्याले मी काय करू.

५ फेब्रु.

अष्टग्रही झाली, जग जागच्या जागी आहे. चौकात होमहवन, डबेच्या डबे तूप जाळलं. शेजारच्या वाण्यानं जग बुडणार म्हणून दुकान बंद ठेवलं अन् जाताना कुलपं मात्र दोन लावली. बुडाल्यावर कुलूप कोणासाठी गा?

संध्याकाळी त्याच्या ओट्यावरच्या सरकीच्या पोत्यांले हात लावून पाह्यला. गार. सवय, दुसरं काय. जिनींगमधी फिटर होतो तेव्हाची. फाटक बंद व्हायच्या आधी रुईच्या हर गाठीवर तळहात ठेवायचा. ठिणगी दाबलेल्या रुईच्या पोटात शिरली तं धूर नाही, वास नाही. आतल्या आत दोन-दोन दिवस चरत राहते, अन् मग एकदम. हातालेच कळते. हात ठेवला का बोलायचं नाही, बोललं का ध्यान जाते. अन् एखाद्या गाठीवर शंका आली तं ती बाजूले काढून तिसऱ्या दिवसापर्यंत तिचा भरवसा धरायचा नाही. नोकरी सुटली, हात काही सुटला नाही.

१९ जुलै

सरूची तिथ. कमल येणार होती, नाल्याले पूर, गाडी बंद. वाढलेलं ताट कावळ्यानं लवकर घेतलं. तिले कधी कोणाले ताटकळत ठेवायची सवय नव्हती.

ती म्हणे, "माझ्या कपाळावरही गाठीसारखाच हात ठेवता तुम्ही. बायकोले ताप आला आहे, आग नाही लागली." शेवटच्या तापात दुपारभर हात तिच्या कपाळावर होता. हाताले कळलं होतं. मी बोललो नाही.

आज कोणाशीच बोलणं झालं नाही. दूधवाल्याले "ठेव" म्हटलं तेवढंच.

३० जुलै

रामसिंग आला, चिखलात भरलेला. पेरणी उरकली म्हणे. त्याच्या पायाच्या आवाजानंच चहा टाकला. दोन कप मांडायले बरं वाटते.

बोलता बोलता जुनी गोष्ट निघाली. पहिल्या मोठ्या लढाईच्या वक्ती आम्ही दोघं एकाच दिवशी यवतमाळले भरतीले गेलतो. ओळख तिथल्या रांगेतली. त्याले घेतलं, खेचरांच्या पलटणीत, बसऱ्याले गेला. माझी छाती फीत लावून मोजली अन् परत धाडलं. भरत नाही म्हणे. तिथून माझं लढाईचं खूळ. सरूचा शब्द, खूळ. मी त्याले काम म्हणतो.

२७ ऑक्टो.

दिवाळी, पण चौकात फटाका नाही. हाटेलातल्या रेडिओपाशी गर्दी. चीन आत आला. आपले पोरं बरफात, अंगावर पुरतं गरम नाही. बाया गळ्यातलं सोनं काढून देऊन राह्यल्या. मी घरी येऊन पेटी उघडली. सरूचं होतं ते कमलच्या लग्नात गेलं. माझ्यापाशी द्यायले काय? पाना, हातोडी, अन् हे डोकं.

रा. रेडिओ ऐकून म्हणे, "बरफात खेचर बी अडून बसते, भाऊ. माणसाले अडता येत नाही."

 

३ नोव्हें.

सापडलं.

जिनींगच्या चौकीदाराची बंदूक एकदा चुकून सुटलती. गोळी गाठीत शिरली अन् पलीकडून काही निघाली नाही. मीच शोधली, अर्धी गाठ उसवा लागली. रुईची दाबलेली गाठ गोळी गिळते, हे मले चाळीस वर्षांपासून माहीत आहे अन् मी भोंगे करत बसलो. काखेत कळसा अन् गावाले वळसा.

रुईचे पातळ थर, दाबून, वर तरट, शिवून. पुढून एक, मागून एक, खांद्यावर पट्टे. गोळी थांबवते अन् ऊबही देते. एका दगडात दोन पक्षी. जिनींगच्या भंगारातला जुना स्क्रू आणून हातप्रेस बसवला. दोन दिवस त्यातच गेले. जेवलो का नाही, आठवत नाही.

८ नोव्हें.

शिवण चालू. दाभणात सुतळी ओवायले रा. अन् मी, दोघं म्हातारे, चार डोळे, अन् नेढं एक. शेवटी वाण्याच्या बायकोनं ओवून दिली. हसत होती. हसू दे.

संध्याकाळी पुरं झालं. मी अंगात घालून पाह्यलं. रा. नं लांबून पाह्यलं, जवळून पाह्यलं, पोटावर बुक्की मारून पाह्यली. म्हणे, "आता भरली तुझी छाती."

लय हसलो दोघंही. डोळ्यात पाणी आलं माझ्या, हसण्यानंच असेल.

मी चिलखत म्हणतो. तो गादी म्हणते.

सरकारी कचेरीत जाऊन चिलखताचं सांगून आलो. कारकून चांगला निघाला. डिसेंबरच्या सुरवातीले मोठे साहेब येणार आहेत, घेऊन या म्हणे. पण गोळी मारून पाह्यल्याशिवाय नेऊ नका. बरोबर आहे त्याचं.

११ नोव्हें.

आज.

तांड्यामागच्या नाल्यात गेलो. चिलखत बाभळीच्या खोडाले बांधलं. रा. ची डुकरं हाकायची भरमार बंदूक. त्यानं बारूद घातली, जुन्या पागोट्याचा तुकडा फाडून डाट केला, गजानं ठासला, गोळी टाकली. सगळं सावकाश, जसं काही पूजा मांडून राह्यला. म्हणे, "ही भरमार हाय, मिस्त्री. चिन्याच्या हाती भरमार नसते."

"आधी हिले तं थांबू दे."

जवळूनच मारली. धूर इतका का बाभळ दिसेना. मी धावलो. पुढच्या तरटाले भोक, मागचं तरट साबूत. हात फिरवून पाह्यला, कुठं काही नाही. गोळी आत, पोटात. थांबली.

थांबली, थांबली, थांबली.

जळक्या कपड्याचा वास होता थोडा. बारूदीचा असेल.

मी नाल्यातच बसलो.  रा. नं पाठीवर हात ठेवला अन् म्हणे, "पास झाला तू." भरतीच्या रांगेत कोणी म्हणायले पाह्यजे होतं ते आज म्हटलं त्यानं.

मग त्यानंच मागून घेतली. "एक दोन दिस माह्या घरी राहू दे गादी. तांड्यातल्या लोकायले दाखवतो. सांगतो का हा माहा दोस्त हाय." मी नाही कसं म्हणू. अंगात घालून गेला, छाती काढून, बंदूक खांद्यावर. लांबपर्यंत पाहत राह्यलो.

आयुष्यातला चांगला दिवस. सरू पाह्यजे होती.

१३ नोव्हें.

तांडा जळाला. तांडा नाही, रा. चं घर. नीट लिहितो.

दुपारी बाजारात कोणी म्हटलं, तांड्याकडं धूर. पाय घसटत गेलो. जाईपर्यंत पाणी मारून झालतं. चिलखत त्यानं कापसाच्या खोलीत ठेवलतं, ढिगावरच, उंदरांनी कुरतडू नये म्हणून. वेचणीचा सगळा कापूस त्या खोलीत. आता काळा चिखल. छप्पर आत आलेलं. माणसं सगळी शेतात होती म्हणून वाचली. रा. नाल्यावरून धावत आला अन् ढीग बाहेर ओढायले गेला. उजवा हात. तळहाताची कातडी नाही. कोणीतरी तेल-हळद लावून फडकं गुंडाळलं होतं, दवाखान्यात न्यायले गाडी जुंपून राह्यले होते.

बाया सून जमनीले बोलत होत्या. चुलीतला विस्तव झाकला नसेल, सकाळी घाईत गेली. ती भिंतीपाशी, ओढणी तोंडावर.

मी विचारलं, गादी कुठं ठेवली होती. रा. नं डाव्या हातानं जागा दाखवली. ढीग तिथूनच पेटला होता, मधातून. चूल पार दुसऱ्या बाजूले.

मले उभ्या जागी कळलं. पागोट्याचा डाट. जळता डाट गोळीसंगं आत गेला. दोन दिवस आत चरत होता.

तिथंच सगळ्यांसमोर म्हटलं, "पोरीले बोलू नका. चुलीची आग नाही. माह्या चिलखतातली आहे. गोळीसंगं विस्तव आत गेलता. मी हात ठेवून पाह्यला नाही."

रा. माह्याकडं पाहत राह्यला. मले वाटलं कापसाचं बोलेल, घराचं बोलेल. तो म्हणे, "वाण्याच्या पोत्यावर हात ठेवते तू. रस्त्यानं जाता लोकायच्या पोत्यावर ठेवते. माह्या घरी जाणाऱ्या गादीवर नाही ठेवला."

मग गाडीत बसला. गाडी गेली.

१४ नोव्हें.

हात ठेवला होता मी. भोक पाहायले ठेवला होता. वरून फिरवला, दाबून थांबलो नाही. खुशीत होतो. चाळीस वर्षांत एक दिवस खुशीत राह्यलो.

चूल पेटवली नाही.

१६ नोव्हें.

कर्णा धाब्यावरून उतरवला. भोंगे ठोकून सपाट केले, पत्रे झाले चार. होता तो बाकीचा पत्राही काढला. बैलगाडीवाल्याजवळ तांड्यावर धाडले, छपरासाठी. कोणी धाडले सांगू नको म्हटलं. तो म्हणे, "सांगा लागते का, मिस्त्री? दिग्रसमधी असा ठोकलेला पत्रा दुसऱ्या कोणाचा हाय?"

पत्रे परत आले नाहीत. एवढंच.

२२ नोव्हें.

लढाई थांबली म्हणे. हाटेलात कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवीही दिली नाही. मले बरं वाटलं का वाईट, सांगता येत नाही. पोरं वाचतील हे बरं. अन् मनात एक चोर म्हणे, आता तुझं चिलखत कोणाले पाह्यजे? त्या चोराची लाज वाटली.

४ डिसें.

कचेरीत गेलो. दुसरं चिलखत तयार होतं, जोडीनंच दाबलं होतं, ते नेलं. साहेब आले होते, माणूस सभ्य. उलटून पालटून पाह्यलं, शिवण पाह्यली. "गोळी थांबते?"

"थांबते."

"वा. मग वर पाठवू या."

मी म्हटलं, "पाठवू नका. गोळी थांबते अन् दोन दिवसानं आग लागते."

कारकून खो खो हसला. बाकीचेही. मालाची तारीफ करायले बोलावलं अन् हा म्हातारा माल खराब आहे सांगायले आला. साहेब हसले नाहीत. म्हणे, "मग आणलं कशाला?"

काय सांगू? बोलावलं होतं म्हणून आणलं. कुठं तरी जायचं होतं म्हणून आणलं.

बाहेर आल्यावर कारकून मागून आला, चहा पाजला. म्हणे, काका, मनावर घेऊ नका. वाईट नाही पोरगं.

१४ जाने. १९६३

संक्रांत. कमलचा तिळगूळ आला, औंदा मऊ. सुधारली पोरगी अन् खायले कोणी नाही. खोक्यावर ठेवला त्याचा वाटा. संध्याकाळी मुंग्या लागल्या.

गाडीवाल्याकडून कळते ते एवढं: हात बरा झाला, पण बोटं मिटत नाहीत. नवीन छप्पर झालं. तांड्यातल्या सगळ्यांनी आपल्या आपल्या घरून कापूस दिला, टोपली टोपली. ते तसे करतात.

मी चार वेळा निघालो जायले. नाल्यापर्यंत गेलो.

२ फेब्रु.

क. आली. घर पाहून रडली, मग चिडली. दोन्ही तिच्या आईचं. "बाबा, भांड्यात बुरशी आहे. काय खाता तुम्ही? चला माझ्याबरोबर. यांनी स्वतः म्हटलं आहे, आपल्या घरी खोली रिकामी आहे, देऊळ जवळ आहे."

"देवळात काय करू मी?"

"दर्शन घ्या. बसा. लोकं बोलतील."

"कोणाशी?"

"तुमच्याशी, बाबा."

तिले कसं सांगू का मले लोकं नको, एकच पाह्यजे. म्हटलं, होळीनंतर पाहू. ती म्हणे पाहू नाही, यायचं. बरं म्हटलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माह्या हत्यारांची गत होईल तिच्या घरी. प्रेस तं जाणारच नाही तिच्या दारातून.

जाताना तिनं माह्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. तशीच ठेवून उभी राह्यली.

१७ फेब्रु.

तुरटी. हे आधी काहून सुचलं नाही? तुरटी अन् टाकणखार पाण्यात उकळून रुई बुडवायची, वाळवायची, मग दाबायची. पाच वेळा करून पाह्यलं. साधी रुई विस्तव लावला का चरत जाते. बुडवलेली काळी होते अन् तिथंच विझते. पण वाळली का कडकड वाजते, पापडावानी. अंगात घातली तं सैनिक येऊन राह्यला हे चिन्याले कर्ण्याशिवायच ऐकू जाईल. होऊ दे. जळत नाही.

मनात पहिलं काय आलं तं रा. ले सांगू.

मग आठवलं.

२७ फेब्रु.

बाजारात दिसला. पाठमोरा. मिरच्या घेत होता, डाव्या हातानं. उजवा धोतराच्या सोग्यात. पन्नास पावलं असतील मधात. हाक तोंडात आली. "रामसिंग" म्हणायले काय लागते?  तो वळायच्या आधी मीच भांड्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदार म्हणे, काय देऊ? पळी घेतली. घरात तीन पळ्या आहेत.

चिडतो मी माह्यावरच. गोळीसमोर उभं राहायचं चिलखत करतो अन् एका दोस्तासमोर उभं राहता येत नाही.

१० मार्च

होळी. तांड्यातून डफ ऐकू येऊन राह्यला, वारा तिकडचा आहे. दरसाल तो न्यायले येई. बाया लेंगीची गाणी म्हणत फेर धरत अन् मले मधात उभं करून चिडवत. अर्धे शब्द कळत नसत, पण शिव्या आहेत हे कळे. तो तोंडाले हात लावून हसे. जमनी मोठ्या आवाजाची, सगळ्यात पुढं.

औंदा कोणी आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. वाटलं होतं, खोटं कायले लिहू. धोतर धुतलेलं नेसून बसलो होतो.

चौकातली होळी पाह्यली. नारळ टाकला. आगीकडं पाहवलं नाही, लवकर परत आलो.

१६ मार्च

सोमवारी सकाळच्या गाडीनं जायचं ठरलं. जावई स्टँडवर येणार, कळंबले. हत्यारं निवडली. पाने, दाभण, छोटी शेगडी संगं. प्रेस इथंच. वाणी म्हणे, खोली द्या, मी सरकी ठेवतो. देईन.

तुरटीचं चिलखत खुंटीवर आहे. संगं नेऊ का नको, ठरत नाही. ह्याच्यावर गोळी मारून पाह्यलीच नाही. मारणार कोण? बंदूक एकाचीच. पाह्यल्याशिवाय नेलं तं ते नुसतं वाजणारं तरट. अन् पाह्यल्याशिवाय मेलो तं ते चालते का नाही, हे मले कधीच कळणार नाही.

गाडीवाल्याजवळ निरोप धाडला तांड्यावर. फक्त एवढाच का मिस्त्री सोमवारी चालला. दुसरं काही नाही.

१७ मार्च

सकाळी भांडी बांधत होतो. पायाचा आवाज. ओळखला, पण हात थांबवला नाही, वाटलं भास असेल. भास आधीही झालेत.

दारात रा. खांद्यावर भरमार. मागं जमनी, डोक्यावर टोपली.

आत आला. खोक्यावर भांडी होती, ती उचलून खाली ठेवली अन् बसला. मी उभाच. चहा टाकायचं सुचेना. जमनीनंच चूल पेटवली, विचारलं नाही, जसं काही तिचंच घर.

चहाचा घोट घेऊन म्हणे, "तुह्या पत्र्याचं काय सांगू. वारा आला का भोंग्यावानी वाजते. पुसदची गाडी येऊन राह्यली का सारं घर जागं होते."

मी म्हटलं, "बदलून देतो."

"कायले? राहू दे. गाडी कळते."

जमनी म्हणे, "सासरे घरात बोलत नाहीत, मिस्त्रीकाका. चार महिने झाले. काल तुमचा निरोप आला तं बंदूक काढून पुसत बसले. म्हटलं आता कोणाले मारता?" अन् ओढणीत हसली. मग हसू गेलं. म्हणे, "त्या दिवशी तुम्ही बोलले नसते तं मी आजही चुलीची गुन्हेगार असती."

रा. नं खुंटीकडं पाह्यलं. "नवी हाय?"

"तुरटीची. जळत नाही. म्हणजे, मी तुकडा जाळून पाह्यला. गोळी मारून नाही पाह्यली."

तो उठला. बंदूक मले दिली. "तू भर. माह्यानं गज दाबला जात नाही."

नाल्यात गेलो तिघं. तीच बाभळ. मी ठासत होतो. डाट करायले त्यानं पुन्हा पागोट्याचा तुकडा दिला. मी म्हटलं, हे नको, दुसरं काही. तो म्हणे, "हेच. जे त्या दिवशी होतं तेच. नाही तं कळणार काय?"

डाव्या खांद्याले लावून उभा राह्यला. पहिली गोळी बाभळीच्या वर. आयुष्यात पहिल्यांदा त्याची गोळी चुकलेली पाह्यली. चिडला नाही. म्हणे, भर. दुसरी लागली.

थांबली. मागचं तरट साबूत.

मी धावलो नाही. चिलखत सोडलं, सावलीत खडकावर आडवं ठेवलं, भोकाजवळ तळहात ठेवला. मनातून सगळं काढून टाकलं. गार होतं. पण पहिलंही त्या दिवशी गारच असेल. गार असण्याचा भरवसा तिसऱ्या दिवशी.

तो बाजूले येऊन बसला. हाताचं फडकं सोडलं. उजवा तळहात मी पहिल्यांदा पाह्यला, गुळगुळीत, गुलाबी, रेषा एकही नाही. तो हात चिलखतावर ठेवला त्यानं, माह्या हाताशेजारी. डोळे मिटून बसला. मग उचलला अन् म्हणे, "ह्या हाताले काही कळत नाही आता."

मग डावा ठेवला.

मी काही बोललो नाही. हात ठेवला का बोलायचं नाही. जमनी लांब बसून आमच्याकडं पाहत होती. ऊन सरकून आमच्या पायावर आलं तरी कोणी उठलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "सोमवारची गाडी आहे माही."

तो म्हणे, "आज काय हाय?"

"रविवार."

त्यानं हात काढला नाही. उजव्या हाताच्या बोटानं खडकावर मोजल्यासारखं केलं, आज, उद्या, परवा. म्हणे, "मंगळवारपर्यंत पाहा लागते न?"

"पाहा लागते."

चिलखत माह्या घरी आहे आता, मोकळ्या अंगणात, दगडावर, जवळपास काही जळण्यासारखं नाही. तो उद्या सकाळी येतो म्हणून गेला. क. ले तार करा लागेल, का नको, अजून ठरलं नाही. भांडी बांधलेली तशीच आहेत. दोन कप तेवढे बाहेर काढले.